किंकाळी नसलेला ट्रॅक

माझी भाची खोक्यांच्या कारखान्यात फिटर आहे. मशीन दुरुस्त करणं हे तिचं पोटापाण्याचं काम आणि त्याच मशीनांतून संगीत काढणं हा तिचा खरा उद्योग. पट्ट्याची सळसळ, हवेच्या नळीची फुसफुस असले आवाज ती रेकॉर्ड करते, संगणकावर त्यांचे तुकडे पाडते आणि त्यांतूनच ठेका बांधते. याला सॅम्पलिंग म्हणतात. ज्यांना हे संगीत वाटत नाही, त्यांची समजूत घालायला मला वेळ नाही.

कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, अल्बम स्वतःच काढायचा, असं तिचं ठरलेलं. सगळे ट्रॅक तयार झाले, एक शेवटचा सोडून. तो उभा राहणार होता जुन्या कटिंग मशीनच्या किंकाळीवर. बेअरिंग कोरडं पडलं की ते असं किंचाळायचं की अख्खी शेड दात आवळून बसे. ते मशीन आता विकलं गेलं होतं आणि दुपारी ट्रक येणार होता. महिनाभर बंद पडून ग्रीस आटलेलं, म्हणजे किंकाळी हमखास. ही सकाळीच माइक घेऊन हजर.

माइक लावला, हेडफोन चढवले. आणि मशीन चालू करण्याआधी, अंगात मुरलेल्या सवयीनं, हात ग्रीस गनकडे गेला. बेअरिंग भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मशीन निमूट चालू लागलं.

सुपरवायझर पोट धरून हसला. "ताई, महिनाभर उपाशी होतं ते. नेमकं आजच जेवू घातलंत?"

"हसा."

"रॉकेलनं धुऊन काढा की. कोरडं चालवलं तर पाच मिनिटांत बोंबलेल."

"आणि बेअरिंग जळलं म्हणजे? घेणाऱ्याच्या गळ्यात जळकं मशीन मारू?"

"मग तुमचं गाणं गेलं."

"गेलं तर गेलं. तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली नको आणि बडबडही नको."

आणि तिनं जे होतं ते रेकॉर्ड केलं: पात्याचा दणका, मधली पोकळी, पुन्हा दणका. किंकाळीखाली हे आजवर कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

ट्रॅक घेऊन ती माझ्याकडे आली. "मावशी, गुळमुळीत बोलू नकोस."

"बाकीचे ट्रॅक गचांडी धरतात," मी म्हटलं. "हा धरत नाही. पण आता ओरडेल, मग ओरडेल म्हणून मी खुर्चीच्या कडेला आले, ते शेवटपर्यंत."

"मग ठीक आहे."

अल्बम बाहेर पडला. ऐकणाऱ्यांपैकी एकानं तिला कळवलं, शेवट मिळमिळीत आहे, बदला.

"त्याला वाटत असेल तसं," ती म्हणाली. "मी बदलणार नाही."

आणि डबा उचलून पाळीवर गेली.