नव्या साहेबांची वही

झुइडओस्ट या डच उपनगरातल्या आमच्या ऑफिसमागे अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ सराव करायचा. मी डबा घेऊन तिथल्या बाकावर बसे, तिथेच तो भेटायचा. साठीचा अमेरिकन, क्वार्टरबॅकना शिकवणारा. म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूंना. माझ्या डब्यातली पोळी तो न विचारता घेई, भाजीकडे मात्र संशयाने बघे. शिकवताना त्याची नजर पोरांच्या पायांवर असे. “पाय नीट ठेव, नाहीतर चेंडू जाईल कुठेतरी,” म्हणायचा. शाबासकी म्हणून फक्त घसा खाकरायचा.

त्या वसंतात मुख्य प्रशिक्षक बदलले. नव्या साहेबांनी भिंतीवर स्वतःचं ब्रीदवाक्य लावलं आणि प्रत्येक चालीचं नाव बदललं. आमच्याकडे मॅनेजर बदलला की हेच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मग एके दिवशी म्हाताऱ्यालाही महिनाअखेर नोकरी सोडून जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर हा नव्या साहेबांची वही मांडीवर घेऊन आपल्या सर्वांत तरुण क्वार्टरबॅककडून नवी नावं घोकून घेतोय. पोराच्या तोंडून जुनं नाव निघालं.

“ते माझं होतं. विसर.”

पोरगा पाणी प्यायला गेल्यावर मी विचारलं, “तुम्हाला पटतं का हे सगळं?”

“दोन पानं पटतात,” तो म्हणाला. “पण शनिवारी साहेब याला विचारणार. अडखळला तर मंद ठरवून घरी पाठवतील.”

पोरगा परत आला आणि त्याने सगळी नावं न चुकता म्हटली. म्हाताऱ्याने घसा खाकरला, आणि बराच वेळ खाकरत राहिला.