काळ्या-पांढऱ्या फोटोतला लाल तारा

आमच्या घरात भुताखेतांना कधीच थारा नव्हता. बाबा शाळामास्तर. वाडीतली पोरं ज्या वडाला घाबरायची, त्याच्याच खाली ते आम्हाला मुद्दाम डबा खायला बसवायचे. त्यामुळे इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते नि सोडून देते. तरी हा लिहितेय, कारण तो माझ्याच घरात, दापोलीत, भरदुपारी घडला.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो नेटवर मोफत मिळतात. आकाशाचा एकच तुकडा वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेला असतो... हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा, धुळीतूनही पार येणारा इन्फ्रारेड. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटो काळा-पांढराच दिसतो. तिन्हींना एकेक रंग देऊन एकत्र केले की रंगीत चित्र होतं; लाल रंग इन्फ्रारेडला मिळतो. सुट्टीच्या दिवशी मी ते तपासत बसते, शेजारी बाबा. काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेलीय, त्यालाही बरीच वर्षं झाली. स्क्रीनवर काय आहे ते मी त्यांना सांगते.

त्या दिवशी धुळीच्या एका ढगाचा फोटो होता. हिरव्यात नुसता काळोख, लालमध्येही तेच. मी काही न बोलता इन्फ्रारेड लावला — ढगाच्या मधोमध एक पांढरा ठिपका.

"काय गो, हा लाल तारा कुठला?"

बाबांचं बोट बरोबर ठिपक्यावर होतं. मी फोटो कोपऱ्यात सरकवला. बोटही कोपऱ्यात गेलं. मी परत हिरवा लावला.

"गेला," बाबा म्हणाले.

मी तिन्ही फोटो एकत्र केले. तारा लालभडक! पण त्याआधी तो लाल मलाही दिसलेला नव्हता...

दुसऱ्याच दिवशी त्यांना एसटीने रत्नागिरीला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारली, मशीनवर तपासलं. "उजेडही कळत नाही यांना," म्हणाले. येताना बाबाच माझी समजूत काढत होते. त्यानंतर मी कितीतरी फोटो लावून पाहिले. काही नाही.

परवा जेवताना सहज विचारलं, "बाबा, तेव्हा आणखी काही दिसलं होतं का हो?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तू दिसलीस. कानाजवळचे केस पिकलेत गो तुझे."

पिकलेत खरे. पण ते बाबांची नजर गेल्यानंतर... आणि घरात आम्ही दोघंच असतो. त्यांना कोणी सांगितलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.