पातळ साबणाचं खूळ

केडगाव स्टेशनच्या मागच्या आळीत राहणाऱ्या महबूब शेखला कुणी विचारलं, की बाबा तुझ्या हातून सगळ्यात मोठा येडेपणा कुठला झाला, तर तो क्षणभरही थांबायचा नाही. म्हणायचा, "साबण." समोरचा हसला की म्हणायचा, "हसा की. मी बी हसतो आता. पण दीड वर्ष माझ्या घरात कुणाला हसायची परवानगी नव्हती. मीच दिली नव्हती."

महबूब कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत ऑपरेटर होता. आठ वर्षं हेल्पर म्हणून ड्रम लोटल्यावर ही पदवी मिळाली होती. "ऑपरेटर म्हंजी काय," तो स्वतःच सांगायचा, "व्हॉल्व्ह उघडायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, आन् मधल्या वेळात आपल्यावाचून कंपनी बंद पडंल असं तोंड करून मीटरच्या काट्याकडं बघायचं." त्याच्या प्लँटमध्ये जो माल तयार व्हायचा त्याला कुजलेल्या मासळीसारखा वास होता. कंपनीच्या बसमध्ये हा वास कुणाला यायचा नाही, कारण सगळ्यांनाच तो यायचा. पण एखाद्या दिवशी बस चुकली आणि वडापच्या जीपमधून चौफुल्यापर्यंत यावं लागलं, की दाटीवाटीत बसलेली माणसं आपोआप एकमेकांत सरकायची आणि महबूबला ऐसपैस जागा व्हायची. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. उलट बरंच होतं.

वाटलं ते नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. फर्स्ट शिफ्ट करून तो घरी आला, तेव्हा चार वर्षांची सायमा जेवायला बसली होती. लाडात येऊन त्यानं तिच्या ताटातल्या वरणभाताचा घास उचलला आणि तिच्या तोंडापुढं धरला. पोरीनं आधी नाक धरलं, मग मान फिरवली आणि अगदी शहाण्या बाईसारखी म्हणाली, "अब्बा, तुम्ही नका भरवू. अम्मी भरवंल."

महबूब उठला. मोरीत जाऊन त्यानं साबणाच्या वडीनं तीनदा हात धुतले, हुंगून पाहिले आणि पुन्हा धुतले. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात हातांचंच खूळ बसलं.

नेमकं त्याच महिन्यात कंपनीत सेफ्टी ऑफिसर दिवेकरसाहेबांनी स्वच्छतेवर ट्रेनिंग घेतलं. साहेबांनी हातात एक झिजलेली, काळे ओघळ आलेली साबणाची वडी धरली आणि म्हणाले, "ही वडी सकाळपासून किती हातांतून फिरली असेल? प्रत्येकानं आपली घाण हिच्यावर ठेवलीय. आजपासून ही बंद. लिक्विड सोप वापरायचा." संडासाबाहेर भिंतीवर नवे डिस्पेन्सर बसले होते. बटण दाबलं की तळहातावर हिरवा, लिंबाच्या वासाचा थेंब पडायचा. महबूबनं हात धुतले, हुंगले आणि त्याला लिंबाच्या बागेत उभं राहिल्यासारखं वाटलं. मासळी गेली कुठं? गेली नव्हती, लिंबामागं लपली होती, पण हे कळायला त्याला अजून दीड वर्ष लागायचं होतं.

महिन्याभरात त्यानं भंगारात निघालेला एक जुना डिस्पेन्सर साहेबांच्या सहीनं, गेटपास करून घरी आणला. शेजारच्या गेणबाकडून हातोडी आणून मोरीच्या भिंतीत खिळे ठोकले. पहिले दोन वाकले, तिसऱ्यानं गिलावा पाडला, चौथ्यावर डबा तिरका का होईना, बसला. पुण्याहून लिक्विडचा पाच लिटरचा कॅन आणला. मग बायको मदिना, आई जैतुनबी आणि सायमा यांना मोरीपुढं उभं करून त्यानं ट्रेनिंग दिलं. दिवेकरसाहेबांसारखीच वडी हातात धरली, दिवेकरसाहेबांसारखाच मधेमधे थांबला.

"ही वडी म्हंजी काय?" त्यानं विचारलं.

"साबण," जैतुनबी म्हणाली.

"न्हाई अम्मी. ही म्हंजी सगळ्यांची घाण एका जागी."

"आरं, घाण सगळी आपल्याच घरातली हाय नव्हं? का भायेरून कुणी आणून टाकली?"

महबूबनं हे मनावर घेतलं नाही. घरातल्या चारही वड्या, अंगाची, तोंडाची, एक अर्धी आणि एक कागदातली नवीकोरी, त्यानं गोळा केल्या आणि गेणबाला देऊन टाकल्या. गेणबाच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली होती, आता तो दीड एकर ऊस आणि दोन म्हशी सांभाळायचा. त्यानं काहीच विचारलं नाही. आठ दिवसांनी मात्र कुंपणावरून हाक मारून म्हणाला, "महबूबभाई, तुझा साबण म्हशीला लई मानवला बघ. काय चकाकती! अजून हाय का?"

घरात मात्र कुणाला काही मानवेना. जैतुनबी पहिल्याच दिवशी हातावरच्या थेंबाकडं बघून म्हणाली, "ह्या शेंबडानं तोंड धुवू मी? ह्या वयात?" आंघोळीला तर फारच पंचाईत. डोळ्यांत फेस गेला, की वडी हाताला लागायची, खाली पडली तरी चाचपून सापडायची. डबा सापडायचा पण बटण सापडायचं नाही, बटण सापडलं तर धार हातावर पडायच्या ऐवजी कोपरावर पडायची. मोरीतून रोज सकाळी "या अल्ला, कुठं हाय ते मेलं!" असा आवाज यायचा. बाहेर पेपर वाचत बसलेला महबूब सांगायचा, "अम्मी, सवय व्हईल." सायमाला मात्र खेळणं मिळालं होतं. ती जाता येता बटण दाबायची. पाच लिटर लिक्विड बावीस दिवसांत संपलं.

वर्षभर महबूब पुण्याहून कॅन आणत राहिला, पण ते कायमचं जमणारं नव्हतं. पण महबूब ऑपरेटर होता. कंपनीतल्या एका जुन्या माणसानं त्याला सांगितलं होतं, की साबणाचं कच्चं द्रावण दुकानात मिळतं, त्यात पाणी घालायचं आणि घट्ट व्हायला मीठ टाकायचं. बस. महबूबनं दौंडहून द्रावण आणलं आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात घमेलं मांडून बसला. मदिनानं मीठ किती घालायचं विचारलं. तो म्हणाला, "अंदाजानं. प्लँट चालवतो मी, घमेलं काय घेऊन बसलीस?"

पहिली मूठ टाकली आणि खरंच, पाण्यासारखं पातळ द्रावण डोळ्यांदेखत मधासारखं घट्ट झालं. महबूबनं घरातल्या तिघींना हाका मारल्या. कुंपणापाशी गेणबाही आला. सगळ्यांपुढं त्यानं दुसरी मूठ टाकली. तिसरी टाकली. आणि मग जे घट्ट झालं होतं ते हळूहळू पुन्हा पातळ व्हायला लागलं. त्याला वाटलं मीठ कमी पडलं, म्हणून त्यानं चौथी टाकली. शेवटी घमेल्यात खारट पाणी उरलं. मीठ एका हद्दीपर्यंतच घट्ट करतं आणि मग सगळं मोडून टाकतं, हे त्या जुन्या माणसानं सांगितलं होतं की नाही, हे महबूबला आजही आठवत नाही. सांगितलं असणार. ऐकलं नसणार.

गेणबानं वाकून घमेल्यात पाहिलं. मग म्हणाला, "आमटीला चालंल का रं हे?"

तरी महबूबनं ते फेकलं नाही. डब्यात भरलं. सहा महिने घर त्या पाण्यानं हात धुत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. त्याच्या स्वतःच्या हातांची सालं निघाली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, भाकरीवर तिखट घेतलं की डोळ्यांत पाणी यायचं. मदिना म्हणाली, "अहो, हातांचं काय झालंय बघा तरी." तो म्हणाला, "जुनी कातडी चाललीय. खालून स्वच्छ येती." मदिना वळून भाकऱ्या थापायला लागली. तिनं पुढं काही म्हटलं नाही, आणि ती पुढं काही म्हणत नाही म्हणजे तिला पटलं, असा महबूबचा लग्नापासूनचा समज होता.

एका रविवारी पंख्याचा स्क्रू आवळायला त्याला पेचकस हवा होता. तो शोधायला त्यानं स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पिठाचा डबा हलवला. डब्यामागं, वाटीत, लाल साबणाची वडी होती. ओली. त्याला नवल वाटलं. मग त्यानं जैतुनबीच्या ट्रंकेवरची गोधडी उचलली. प्लॅस्टिकच्या डबीत चंदनी वडी. सायमाच्या दप्तराशेजारी, खाऊच्या जुन्या डब्यात, गुलाबी वडीचा तुकडा, त्यावर पोरीनं पिनेनं फूल कोरलेलं. दीड वर्ष त्याच्या घरात तीन साबण नांदत होते आणि त्याला एकाचाही वास आला नव्हता.

तीन वड्या ताटात मांडून तो ओट्यापाशी उभा राहिला. मदिना धुणं वाळत घालून आत आली आणि दारातच थांबली.

"मला फसवलंत तुम्ही सगळ्यांनी," तो म्हणाला.

"फसवलं न्हाई," मदिना म्हणाली. "तुमचा मान राखला."

"ह्याला मान म्हणतात?"

"मग काय करायचं? तुम्ही एवढं मन लावून घमेलं ढवळलंत. त्या पाण्यानं तव्याचं काळं निघंना, तर माणसाचं काय निघणार? पण तुम्हाला सांगायचं कुणी?"

आतून जैतुनबीचा आवाज आला. "माझी डबी आधी जाग्यावर ठेव, मग भांडा."

डबी त्यानं जाग्यावर ठेवली. पण डबा भिंतीवरून काढला नाही. मागं फिरायचं, तर कुणीतरी मोठ्या माणसानं सांगायला हवं होतं. बायको आणि आई ही मोठी माणसं असतात, हे तोवर त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मोठा माणूस दोन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी आला. दिवेकरसाहेब एका लग्नासाठी केडगावला येणार होते आणि महबूबनं त्यांना कितीतरी दिवसांपासून घरी बोलावलं होतं. साहेब खरोखर आले. मदिनानं कोंबडीचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी केल्या. साहेब पोटभर जेवले, रश्शात भाकरी कुस्करून, कोपरापर्यंत ओघळ आणून. मग हात धुवायला उठले. महबूबनं ऐटीत त्यांना मोरीपाशी नेलं. "साहेब, तुमचं ट्रेनिंग. घरी बी चालू हाय."

साहेबांनी बटण दाबलं. हातावर पाणी आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी. रश्शाचं तेल हातभर नुसतं पसरलं. साहेबांनी मागं वळून महबूब कुठं आहे ते पाहिलं. तो टॉवेल आणायला गेला आहे असं त्यांना वाटलं, आणि ते हळूच मदिनाला म्हणाले, "वहिनी, साधी साबणाची वडी आहे का हो?"

टॉवेल घेऊन दारामागं उभ्या असलेल्या महबूबनं ते ऐकलं.

मदिनानं पिठाच्या डब्यामागची लाल वडी आणून दिली. साहेबांनी मन लावून, नखांपर्यंत हात चोळले.

"साहेब," महबूब पुढं येऊन म्हणाला, "तुमच्या घरी काय वापरता?"

"वडीच. ते लिक्विड माझ्या हाताला सोसत नाही. खाज येते."

"आन् ट्रेनिंगला सांगितलं ते?"

"अरे, ते कंपनीचं. तिथं तीन शिफ्टची माणसं एका वडीला हात लावतात. ओली, घाण, कुणाचं लक्ष नाही. घरात चार माणसं. वडी कोरडी ठेवायची, नीट घासून हात धुवायचे, झालं." मग त्यांचं लक्ष महबूबच्या बोटांकडं गेलं. "हे काय करून घेतलंस? प्लँटमध्ये ग्लोव्ह्ज घालत नाहीस?"

आता सांगणं भागच होतं. महबूबनं मासळीचा वास, सायमानं धरलेलं नाक, मीठ, घमेलं, सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "घरी येताना कंपनीचा युनिफॉर्म बदलतोस का?"

"न्हाई. घरी येऊनच काढतो."

"आणि डोकं?"

"डोक्याचं काय?"

"अरे बाबा, वास कपड्यांत बसतो, केसांत बसतो. हाताचा केव्हाच गेला असेल. कंपनीत शॉवर कशासाठी बांधलेत? डोक्यावरून आंघोळ कर, कपडे बदल आणि मग बसमध्ये बस."

महबूब मोरीच्या कठड्यावर बसला. दीड वर्ष. कातडी सोलून निघाली, आईला फेसात आंधळं केलं, गेणबाच्या म्हशी चकाकल्या, आणि वास होता खांद्यावर. तिथं नाक वळवायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. आतून पहिल्यांदा जैतुनबी हसली. मग मदिना. मग सायमा, कशाला हसायचं ते न कळता. शेवटी महबूबही हसला, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच हसत होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्यानं कंपनीत आंघोळ केली, घरून नेलेला सदरा घातला. रात्री जेवताना सायमा आपण होऊन त्याला टेकून बसली आणि त्याच्या ताटातलं, चिरून केलेलं कांद्याचं फूल मागायला लागली. घास भरवता का, असं तिनं काही म्हटलं नाही, आता ती हातानं खाण्याइतकी मोठी झाली होती. एवढा एक उशीर मात्र भरून निघाला नाही. महबूबनं फूल दिलं आणि खाली मान घालून जेवत राहिला.

त्या रविवारी त्यानं डबा भिंतीवरून उतरवला. जैतुनबीनं तो उंदरांनी पोखरलेल्या कोपऱ्यात कोंबून वर विटा ठेवल्या. मग पिशवी घेऊन महबूब बाजारपेठेतल्या किराणा दुकानात गेला. मदिनाला लाल वडी, तिचं म्हणणं ती टिकते. आईला चंदनी, तिचं म्हणणं म्हाताऱ्या माणसाला एवढा एक शौक असावा. सायमाला गुलाबी. दुकानदारानं तिन्ही कागदात बांधल्या आणि विचारलं, "आन् तुम्हाला, महबूबभाई? तुम्हाला कंचा देऊ?"

महबूबनं फळीवरच्या रंगीत वड्यांवरून नजर फिरवली. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"घरात विचारून सांगतो," तो म्हणाला.