तीस जूनला नको

सावळीराम पगारे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला आणि आमच्या कॉलनीच्या डोक्याला ताप झाला. तसा माणूस लाखात एक. पण रोज सकाळी विहाराबाहेरच्या फळ्यावर तो दिनविशेष लिहितो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून ऐकवतो. जयंत्या, पुण्यतिथ्या त्याला चालत नाहीत. त्या कॅलेंडरवर असतातच, म्हणतो. त्याला विचित्र तेच हवं. एकाच तारखेला असल्या दोन-तीन गोष्टी सापडल्या की त्या दिवशी स्वारीला जेवण गोड लागतं. मी त्याचा शेजारी, त्यामुळे सगळ्यात जास्त मारा माझ्यावर.

गेल्या वर्षी तीस जूनला त्याचे व्याही नवनाथ सिन्नरला राहत्या घरी चहा पिता पिता गेले. अंत्यविधी उरकून आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. कोणाला काही सुचत नव्हतं, आणि शांतता सावळीरामला कधी सोसली नाही.

"तारीखच विलक्षण आहे ही," तो म्हणाला. "एकोणीसशे आठ सालच्या तीस जूनला सायबेरियात आकाशात असा स्फोट झाला की लाखो झाडं आडवी झाली. आणि एकाहत्तरच्या तीस जूनला रशियाचे तीन अंतराळवीर जमिनीवर परतले. यान ठीकठाक उतरलं. दार उघडलं तर तिघंही बसल्या जागी गेलेले."

माणसांनी तोंडात बोटं घातली. मला मात्र त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, कारण आतल्या दाराशी नवनाथांची बायको, बायडाबाई, उभी राहून ऐकत होती.

या दोन्ही घरांत पंचांग नाही, मुहूर्त नाही. सावळीरामची तेजल आणि नवनाथांचा अश्विन यांचं लग्न लावलं तेही रविवारी, लोकांना सुट्टी असते म्हणून. वाईट दिवस नावाच्या गोष्टीला आत यायला तिथे दारच नव्हतं. ते सावळीरामने इतिहासाच्या नावाखाली उघडून दिलं. तेव्हापासून बायडाबाईने तीस जून हा वाईट दिवस म्हणून मनात धरला.

यंदा तेजल बाळंतपणाला माहेरी आली होती. तारीख जुलैच्या मध्यावरची. तीस जूनला दुपारी ती म्हणाली, सकाळपासून पोटात हालचाल जाणवत नाही. मी गाडी काढली आणि नाशिकरोडच्या दवाखान्यात नेलं. तिकडे सिन्नरला नवनाथांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. अश्विन आईला घेऊन तसाच निघाला. बायडाबाई आली ती पांढऱ्या साडीतच.

डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "बाळाचे ठोके मधूनच खाली जातायत. सिझर आजच करायला हवं, आत्ताच. सही करा, मी तयारी करते."

अश्विनने पेन हातात घेतलं आणि आईकडे पाहिलं.

"आज नाय," बायडाबाई म्हणाली. "उद्या करा. एका रात्रीनं काय व्हतंय?"

"मावशी, रात्र फार लांब आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तेजल, तू स्वतः सही केलीस तरी चालतं." तेजल पलंगावर पडून सासूकडे बघत होती. आजच्या दिवशी त्या बाईचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. डॉक्टर तयारीला आत गेल्या. पलंगाशेजारच्या यंत्रातून ठोके ऐकू येत होते. मध्येच ते मंदावत आणि आम्ही सगळे श्वास धरत होतो.

सावळीरामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "इहीणबाई, तारखेचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "याच तारखेला एक माणूस नायगारा धबधब्यापुढे दोर बांधून त्यावरून चालत गेला आणि सुखरूप परत आला. लंडनमध्ये संकटात मदत मागायचा फोन नंबर सुरू झाला, तोही तीस जूनलाच. किती लोक वाचले असतील त्यानं."

"मंग त्या दिशी का नाय सांगितलं हे?" बायडाबाईने विचारलं. "माझा माणूस जळत व्हता आन् तुमी मेलेल्यांच्या गोष्टी सांगत व्हते."

 यंत्रातला ठोका पुन्हा मंदावला आणि या वेळी सावरायला फार वेळ लागला. नर्स धावत आली, तिने तेजलला कुशीवर वळवलं. सावळीराम ताडकन उठला. आम्ही दोघं वीज केंद्रात कामाला असताना कोळशाच्या पट्ट्यावर आग लागली, तेव्हाही मी तो असा चिडलेला पाहिला नव्हता.

"उद्या करायचं म्हणता ना? उद्याची सांगतो. एक जुलैला, पहिल्या महायुद्धात, एका दिवसात इंग्रजांचे वीस हजारांच्या आसपास सैनिक मेले. परवा करू म्हणता? दोन जुलैला एक बाई विमान घेऊन समुद्रावर गेली, ती अजून सापडली नाही. कुठलीही तारीख सांगा, तुम्हाला हवी तेवढी मढी काढून देतो. तारखेत काही नसतं, इहीणबाई. मला लोकांनी वा म्हणावं एवढ्यासाठी मी वेचून काढतो. आमची पोर मरेल इथं."

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. 

"मला तुमच्या रशियाचं काय घेणं नाय," बायडाबाई हळूच म्हणाली. "त्यांचा दिस हाय आज. वर्षातला येक. बाळाचा वाढदिस झाला तर समदे हसतील, फुगे लावतील. मंग मी रडू कधी?"

  वर्षभर आम्ही तिला खुळी समजत होतो.

"आई," तेजल पलंगावरून म्हणाली, "दर वर्षी या दिवशी सकाळी आपण दोघी रडू. संध्याकाळी फुगे लावू. मी कोणाला तुमच्या मध्ये येऊ देणार नाही."

बायडाबाईने पदराने तोंड पुसलं आणि अश्विनच्या हातावर चापट मारली. "कर सही. बघत काय बसला?"

तेजलला आत नेलं. आम्ही दारासमोरच्या बाकावर बसलो. सावळीराम आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेला होता आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आतून कोणीतरी "लवकर, लवकर" म्हणालं. मग बाळ बाहेर आल्याचं ऐकू आलं, पण रडणं आलं नाही. अश्विन भिंतीला टेकला. बायडाबाईने सावळीरामचं मनगट घट्ट पकडलं. विहीण-व्याह्यांत असं करत नाहीत, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

मग आत ते पोर रडलं. आधी चिरकं, नंतर दवाखाना डोक्यावर घेईल असं.

नर्सने दार उघडून मुलगी झाल्याचं सांगितलं. नाळेचे दोन वेढे गळ्याला होते, आता ठीक आहे, म्हणाली. बायडाबाईने व्याह्यांचं मनगट सोडलं. ती आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हती.

"अहो," ती समोरच्या रिकाम्या भिंतीला म्हणाली, "ऐकलं का? नात झाली तुमाला." आणि मग ती रडायला लागली.