विजूकाकूंचा फोटो मिळत नाही

सुरुवातीलाच क्षमा मागतो. या पानावर मोठी माणसं मोठ्या माणसांविषयी लिहितात. मी दिल्लीत, आर. के. पुरमला लागून असलेल्या मुनिरक्यात राहून एम.ए. करणारा विद्यार्थी, आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. ही पुरवणी गावाकडे आमच्या घरी यायची ती किराण्याच्या पुड्या होऊन. त्यामुळे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. शिवाय मी लिहिणार आहे त्यात दुःखाइतकाच राग आहे, आणि गेलेल्या माणसाची आठवण काढताना राग काढू नये हे मला कळतं. पण विजूकाकूंविषयी राग वगळून लिहिलं तर ते दुसऱ्याच कुणाविषयी लिहिल्यासारखं होईल...

बहिणीच्या लग्नासाठी मी हिंगोलीजवळच्या आमच्या गावी होतो. हळद चालू असताना दिल्लीहून ललितामामींचा फोन आला. मामी काकूंच्या शेजारच्या, तमिळ. दोघींचं सगळं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. "बेटा, विजया चली गई," त्या म्हणाल्या. "सुबह चाय बनाके रखी थी. पी नहीं." मांडवात हलगी वाजत होती. मी फोन कानाला लावून गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो, आणि मला राहून राहून तो तसाच राहिलेला चहा दिसत होता.

विजूकाकू म्हणजे माझ्या घरमालकीण. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागची खोली त्या गावाकडून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला देत. पुढच्या खोलीत पायमशीन आणि कापडाचे ढीग. काकू बॅनर आणि झेंडे शिवत. छापील नव्हे, कापडाचे. शाळांच्या क्रीडादिनाला लाल, निळे, हिरवे, पिवळे झेंडे, स्नेहसंमेलनाचा पडदाभर फलक, कुणाच्या सोसायटीची होळी, कुणाचा ओणम, बंगाल्यांची पूजा. अक्षरं आधी खाकी कागदावर काढायची, मग सॅटिनमधून कापायची, मखमलीवर टाचायची आणि कडेनं बारीक टीप मारायची. वरच्या बाजूला काठी जाईल एवढा नेफा. कापड आणायला आम्ही सरोजिनी नगरला कटपिसाच्या दुकानात जायचो. तिथे त्या दुकानदाराशी अशा भांडत की मी लाजून रस्त्याकडे बघायचो. "अरे किसन, लाजतोस काय? मी त्याला लुटत नाहीये, ओळख वाढवतेय," असं म्हणत.

मराठी मंडळाच्या गणपतीचा जुना बॅनर त्यांनी लग्न होऊन दिल्लीत आल्या त्या वर्षी शिवला होता. लाल मखमल, पिवळी अक्षरं, कडेला खऱ्या जरीचा काठ. तो काठ त्यांच्या शालूचा होता, असं एकदा बोलता बोलता म्हणाल्या. दर वर्षी मिरवणुकीत तो सगळ्यांत पुढे असे.

मी दिल्लीत आलो त्या वर्षी मोदकांचा डबा धरून काकूंबरोबर मंडळाच्या हॉलवर गेलो. पाऊस पडून गेला होता. दारात चपलांचा ढीग होता आणि चिखल आत येऊ नये म्हणून खाली काहीतरी लाल अंथरलं होतं. काकू थांबल्या. ते लाल म्हणजे त्यांचाच बॅनर, हे मला कळायला वेळ लागला. वर, दारावर, नवा फ्लेक्स होता: डावीकडे गणपती, उजवीकडे तेवढाच मोठा मंडळाच्या सरचिटणीसांचा फोटो, हात जोडलेला. सरचिटणीसांचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळावं अशी माझी इच्छा आहे.

ते हसतच पुढे आले. "अच्छा, ते होय? मुलांनी टाकलं असेल हो. काकू, आता कापड कोण वाचतं? फ्लेक्सचा जमाना आहे. तुम्ही बिल्कुल आराम करा."

काकू खाली वाकल्या आणि एकेकाला सांगू लागल्या, "जरा पाय काढता का." लोक पाय काढत होते, काही जण तर आपण कशावर उभे आहोत हे न बघताच. बॅनरची गुंडाळी करून त्या बाहेर आल्या. दर्शन घेतलं नाही. ऑटोत ती ओली गुंडाळी माझ्या मांडीवर होती. मुनिरका आल्यावर म्हणाल्या, "साबण संपलाय. उतरताना आठवण कर."

बॅनर धुतला, पण एका अक्षरावर बुटाच्या टाचेचा डाग राहिला तो राहिलाच. मी म्हटलं, वरून दुसरं सॅटिन लावू. त्या म्हणाल्या, "राहू दे. मला विसरायचं नाहीये."

त्यानंतरचं वर्ष मी पाहिलं आणि माणूस रागाच्या जोरावर किती सुंदर काम करू शकतो हे मला कळलं. आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्या राज्यांची माणसं राहतात. काकूंनी एकेका मंडळात जाऊन स्वतःहून काम मागून घेतलं. जी लिपी वाचता येत नव्हती तिची अक्षरं मामींच्या ओळखीनं कागदावर उतरवून घेतली. मी अभ्यास सोडून हातटाके घालायचो. "ही किनार बघून त्याचं पोट दुखलं पाहिजे," असं म्हणत त्या टीप मारायच्या. "काकू, जाऊ द्या ना आता," मी एकदा म्हणालो. मशीन थांबलं. "तू जाऊ दे. तुझा बॅनर नव्हता तो."

सव्वीस जानेवारीला कॉलनीतल्या सगळ्या मंडळांची प्रभातफेरी निघाली. तमिळ, मल्याळी, बंगाली, गढवाली, सगळ्यांपुढे काकूंची मखमल. मधेच आमच्या मराठी मंडळाचा फ्लेक्स, वाऱ्यानं एका बाजूनं फाटून सरचिटणीसांच्या चेहऱ्यावर दुमडलेला. काकू फुटपाथवर शाल पांघरून उभ्या होत्या. इतकं समाधानी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात सरचिटणीस घरी आले. काकूंनी पोहे केले, वर खोबरं घातलं, आग्रह केला. ते म्हणाले, "काकू, आपल्या मंडळाचाही एक होऊन जाऊ दे ना यार. आपलीच माणसं आपण."

"कापड कोण वाचतं आता?" काकू म्हणाल्या. "अजून थोडे पोहे घ्या."

ते गेले, पण त्यांनी नाद सोडला नाही. महिला दिनाला काकूंचा सत्कार करायचा म्हणून फ्लेक्ससाठी फोटो मागितला. काकूंनी दिला नाही. त्या दिवशी मात्र त्या मला गंभीर दिसल्या. "किसन, तो मला मेल्यावरही सोडायचा नाही. माझा फोटो लावेल आणि शेजारी हात जोडून स्वतः उभा राहील, माझ्याहून मोठा. जन्मभर ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं, त्याच्या शेजारी मला चौकात टांगून ठेवेल. तेवढं होऊ द्यायचं नाही." फरीदाबादच्या भाचीलाही त्यांनी हेच बजावलं. मंडळाच्या ग्रुप फोटोंत तर त्या कधी नव्हत्याच. त्या नेहमी बॅनरची काठी धरून त्याच्या मागे.

बहिणीला सासरी पाठवून मी गाडीत बसलो. भाचीनं अंत्यसंस्कार केले होते. भोपाळ मागे पडलं असेल, तेव्हा सरचिटणीसांचा फोन आला. आवाज अगदी भरून आलेला. "बेटा, मोठी हानी झाली रे. शोकसभेचा फ्लेक्स प्रिंटला दिलाय करोल बागला, मजकूर आणि माझा फोटो गेलाय. काकूंचा एक फोटो पाठव. भाची म्हणते तिच्याकडे नाही."

माझ्या फोनमध्ये काकूंचे पुष्कळ फोटो होते. मशीनवर, गच्चीत, सरोजिनी नगरला भेळ खाताना. ते बघत बघतच मी म्हणालो, "शोधतो."

"आजच हवा हां."

"हो. शोधतोच आहे."

मग मी फोन बंद केला आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपलो. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच झोप लागली.

आता काकूंची खोली भाचीनं मला वर्ष संपेपर्यंत राहायला दिली आहे. हे लिहितो आहे तेही पायमशीनच्या फळीवर वही ठेवून. समोरच्या भिंतीवर पडद्याच्या दांडीत ती लाल मखमल टांगली आहे. नेफा दांडीला बरोबर बसला. सकाळचं ऊन आलं की जरीचा काठ आधी उजळतो आणि मग टाचेचा डाग. काकूंना आवडलं असतं तसं दोन्ही दिसतं. इथेच थांबायला हवं. पण पुढचं सांगितलं नाही तर काकू मला माफ करायच्या नाहीत, आणि माफ न करणं त्यांना किती छान जमत असे हे मी पाहिलं आहे.

मी दिल्लीला पोचलो त्या सकाळी दूध आणायला मार्केटकडे गेलो. चौकात नवा फ्लेक्स लागला होता. करोल बागच्या प्रिंटरनं दुसऱ्या फोटोची वाट पाहिली असावी, आणि मग आलेला एकच फोटो नेहमीच्या रिवाजानं मधल्या गोल चौकटीत बसवून त्याला हार घातला होता. खाली समई. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. काकूंचं नाव तळाला, बारीक. प्रिंटरच्या माणसांनी तो पहाटेच परस्पर टांगला होता. मधोमध, हात जोडून, हारात, सरचिटणीस.

ते सपत्नीक लेकीकडे नोएडाला गेले होते. घराला कुलूप पाहून लोकांना वाटलं, सगळे घाटावर गेले असतील. पांढरे कपडे घालून शेजारीपाजारी दारात जमले होते. तमिळ मंडळ पुष्पचक्र घेऊन आलं होतं. कुणी त्यांना फोन केला नाही. गेलेल्या माणसाला फोन कोण करणार? दुधाची पिशवी हातात धरून मी चौकातच थांबलो. थोड्या वेळानं मेट्रो स्टेशनच्या बाजूनं ते येताना दिसले, हातात मिठाईचा डबा, मागे बायको. चौकीदार त्यांना बघून खुर्चीतून उठला आणि एक पाऊल मागे सरकला. त्याची नजर जिकडे होती तिकडे त्यांनी वर पाहिलं, आणि ती बातमी शेवटी त्यांच्यापर्यंत पोचली.