कुरडयांवरचं ऊन

शनिवार-रविवार मध्य महाराष्ट्रात वळवाच्या सरी, असं टीव्हीवर सांगितलं. शेजारच्या सुमनकाकूंचा मुलगा पुण्याहून कुरडयांचा सोऱ्या दाबायला येणार होता. त्याचा लगेच फोन आला, "आई, पाऊस सांगितलाय. या वेळी राहू दे."

पण भिजवलेला गहू थोडाच थांबतो! चीक आंबून जातो. शेवटी काकूंनी आणि मीच गच्चीवर कुरडया घातल्या. दोन्ही दिवस आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. गच्चीवर पाय ठेववत नव्हता.

अंदाज चुकला, याचा मला राग नाही. आभाळ कुणाला शब्द देत नाही. पण हल्ली माणसं पाऊस येईल का, हे बघतच नाहीत. न जायला कारण मिळतंय का, एवढंच बघतात. पूर्वी त्यासाठी निदान स्वतः खोटं बोलावं लागायचं.

रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन. "झाला का पाऊस?"

काकूंच्या हातातली कुरडई कडकडीत वाळलेली होती.

"हो रे, चांगलाच झोडपून गेला. बरं झालं, आला नाहीस," त्या म्हणाल्या आणि त्याच्या वाटणीचा डबा भरू लागल्या.