रिकामी वलांडी

सून सुके बोंबील भाजते तेव्हा त्या वासानं माझी मान अजून खाली जाते.

साठ सालाच्या आसपास थोरल्या जावेशी भांडून मी चूल वेगळी मांडली होती. एका दुपारी मी मुरुडच्या बाजारात असताना अवकाळी पाऊस आला. धावत घरी पोचले, तर बोंबील वाळवायची माझी वलांडी रिकामी. जावेच्या घरात शिरून मी ओरडले, "चोरटी!"

ती ओलीचिंब, माझे बोंबील आपल्या गोधडीवर पसरत होती. "तुजे पयले काढले गो. तुज्या घरात पोरं हायत." तिचे स्वतःचे बाहेर भिजून गेले होते.

त्या पावसाळ्यात माझ्याच बोंबलांवर दोन्ही घरं जेवली आणि चूल पुन्हा एक झाली. लोक म्हणाले, धाकटीचं मन मोठं. जाऊ नुसती हसली, आणि मी ते कौतुक ठेवून घेतलं.